तिथला आपला माणूस

‘मुत्सद्दी’ हा शब्द वापरू नका, असे मराठीत बातम्या लिहिणाऱ्या मुलांना आता शिकवले जाऊ लागले आहे. गेल्या वर्षी भाषांतराच्या एका कार्यशाळेत मी शिकवायला गेलो होतो. तिथे सगळ्यांच्या हातात एक छापील टिपण होते. मुत्सद्दीऐवजी राजनयिक, मुत्सद्देगिरीऐवजी कूटनीती, परराष्ट्रमंत्रीऐवजी विदेशमंत्री, वकिलातीऐवजी दूतावास. शिष्टाई हा शब्द ‘पौराणिक’ म्हणून गाळावा. आणि परदेशातल्या आपल्या प्रतिनिधीला सरसकट राजदूत म्हणावे, कारण ‘वाचकाला बारीकसारीक फरकाशी देणेघेणे नसते’. टिपण लिहिणारे गृहस्थ जाणते आहेत, मराठीवर त्यांचे प्रेम आहे, आणि त्यांनी प्रत्येक सूचनेला कारणही दिले आहे. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवे. उडवून लावण्यासारखे ते टिपण नाही. ते चुकीचे आहे.

त्यांचे पहिले कारण असे की हे शब्द फारसी-अरबी आहेत, दरबारी गुलामीची खूण आहेत, आणि शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन आपल्याला दिशा दाखवून ठेवली आहे. कोशाचा मुद्दा खरा आहे. अष्टप्रधानांतल्या, परराज्यांचा व्यवहार पाहणाऱ्या डबिराला सुमंत हे नाव मिळाले आणि १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी रामचंद्र त्रिंबक त्या पदावर होते. पण सुमंत राजाजवळ असायचा. परक्या दरबारात जाऊन उभा राहणारा माणूस त्या काळी हेजीब किंवा वकील होता, आणि पुढची दीडशे वर्षे तो वकीलच राहिला. असे का झाले? दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, लखनौ या सगळ्या दरबारांचा कारभार फारसीत चालायचा. आपण पाठवलेला माणूस कोण आहे आणि त्याचा शब्द कुणाचा समजायचा, हे समोरच्याला पहिल्या ओळीत कळले पाहिजे. घरात आपण त्याला काय म्हणतो याला तिथे किंमत नव्हती. प्रतिनिधीचे नाव दोन्ही बाजूंना कळावे लागते, ही त्या शब्दाची पहिली अट आहे. वकील हा शब्द ती अट पुरी करत होता, म्हणून तो टिकला. त्यात गुलामी कसली?

आणि फारसीचा विटाळ मानायचा तर पेशवा हा शब्दही सोडावा लागेल, फडणीस आणि चिटणीस सोडावे लागतील, कागद, दप्तर, शाई, हवालदार, सगळेच सोडावे लागेल. राज्यघटनेच्या मराठी भाषांतरात अनुच्छेद आहे, तरी सबंध महाराष्ट्र ३७० ला कलमच म्हणतो. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, आधी फारसी-मराठी कोश रचला आणि नंतर भाषाशुद्धीचा कैवार घेतला. त्यांच्याशी मतभेद असू शकतो, पण काय काढायचे आहे ते त्यांना मुळापासून माहीत होते. टिपणात ती माहिती दिसत नाही. मुत्सद्दी हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला हे खरे. पण आला तेव्हा त्याचा अर्थ होता कारकून, हिशेबनीस, एखाद्या कामावर नेमलेला अंमलदार. मोगलांचा सुरतेच्या बंदरावरचा अधिकारी मुत्सद्दी म्हणवला जाई. राज्याराज्यांतले बोलणे करणारा, चार पावले पुढचे पाहणारा माणूस हा अर्थ त्याला आपल्या बाजूला चढला. शेजारच्या गुजरातीतही तो आहे. हा अर्थ चढला, कारण इथे लेखणीवाल्यांनी राज्ये चालवली. नाना फडणीस ज्या नावाने ओळखले गेले ते नाव मुळात हिशेबाच्या हुद्द्याचे. सखारामबापू बोकील, नागपूरकरांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचे विठ्ठल सुंदर आणि नाना हे ‘साडेतीन शहाणे’ लोकांच्या तोंडी बसले. नानांना अर्धे शहाणे का म्हणत यावर अजून वाद होतात, तो विषय वेगळा. सांगायचे इतकेच की मुत्सद्दी या शब्दाचा आजचा अर्थ बाहेरून आलेला नाही. तो इथल्या माणसांच्या कामातून तयार झाला आहे. असा शब्द परका म्हणून घालवायचा आणि त्याच्या जागी हिंदी परिभाषेतला राजनयिक आणायचा, याला शुद्धी कसे म्हणायचे?

दुसरे कारण असे की मुत्सद्दी म्हटले की कावेबाज माणूस डोळ्यांपुढे येतो, जबाबदार लेखनात तो शब्द शोभत नाही. मी तीस वर्षे मराठी मजकूर तपासतो आहे. मराठीत कावेबाजाला कावेबाज म्हणतात, कारस्थान्याला कारस्थानी म्हणतात, कपट्याला कपटी म्हणतात. या शब्दांची आपल्याकडे वाण नाही. ‘मुरब्बी मुत्सद्दी’ असे आपण यशवंतराव चव्हाणांसारख्या माणसाबद्दल म्हणतो ते आदराने. उलट त्यांनी सुचवलेला शब्द पाहा. कूटनीती. मराठीत कूट म्हणजे कोडे, न उलगडणारे, आणि जुन्या अर्थाने खोटे. कूटप्रश्न, कूटलेख. संस्कृतात कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार, आणि अर्थशास्त्रात कूटयुद्ध म्हणजे कपटाने लढलेले युद्ध. ज्या शब्दाच्या पोटातच फसवणूक आहे तो शब्द आपल्या देशाच्या प्रतिनिधींच्या कामाला द्यायचा, आणि ज्याने आदर मिळवला आहे तो संशयास्पद म्हणून काढायचा! हिंदीत कूटनीती रुळला आहे, तिथे तो खुशाल नांदावा. मराठी कानाला तो आजही कपटाचाच वाटतो.

तिसरे कारण मला सगळ्यांत घातक वाटते, कारण ते सगळ्यांत समजूतदार दिसते. सगळ्या भारतीय भाषांत एकसारखे संस्कृत शब्द असले तर सगळ्यांना सगळे कळेल, असा तो विचार आहे. यावर माझ्याकडे वाद कमी आणि रोजचा अनुभव जास्त आहे. हिंदीतून आलेल्या बातमीत ‘राजनैतिक संकट’ असते. हिंदीत राजनैतिक म्हणजे राजकीय: सरकार डळमळले, आमदार फुटले. मराठी परिभाषेत राजनैतिक म्हणजे दोन देशांच्या अधिकृत संबंधांविषयीचे. घाईत असलेला उपसंपादक शब्द तसाच ठेवतो, कारण तो मराठीही दिसतो. मराठी वाचकाला वाटते, कुठल्या तरी देशाशी आपले बिनसले. उलट हिंदीत राजकीय म्हणजे सरकारी. तिथले ‘राजकीय महाविद्यालय’ आपल्याकडे पुढाऱ्यांचे कॉलेज होऊन बसते. अक्षर एक, उच्चार एक, अर्थ दोन. टिपणातली एकसारखेपणाची कल्पना नेमकी हीच चूक वाढवणार आहे, कारण शब्द सारखा दिसला की माणूस विचारायचे थांबतो. परका दिसणारा शब्द निदान थांबवतो तरी.

परराष्ट्र आणि विदेश यांचेही तेच. मराठी माणूस नोकरीला परदेशात जातो. परराष्ट्रात जातो असे कुणी म्हणत नाही. परदेश हा मुलूख आहे, परराष्ट्र ही सत्ता आहे. परराष्ट्र धोरण म्हणताना आपण दुसऱ्या सत्तेशी कसे वागायचे ते बोलत असतो. हा भेद मराठीने आपणहून केला आहे आणि सातवीतल्या मुलालाही तो न शिकवता कळतो. विदेशमंत्री म्हटले की तो भेद पुसला जातो. एवढा चांगला भेद आपण कशासाठी टाकून द्यायचा?

आता वकील. इथे मी एक गोष्ट मोकळेपणी मान्य करतो. आजच्या राजदूताला वकील म्हणा, असा माझा आग्रह नाही. तो शब्द कोर्टात गेला आणि तिथे रमला. पण त्याच्या मागे जे उभे होते ते विसरण्याची परवानगी मी कुणाला देणार नाही. महादेवभट हिंगणे बाळाजी विश्वनाथांबरोबर १७१९ साली दिल्लीला गेले आणि तिथले मराठ्यांचे वकील झाले. ते काम पुढे त्यांच्या मुलांकडे चालत आले. दोन पिढ्या दिल्लीत बसून त्यांनी पुण्याला जी पत्रे लिहिली, ती आज हिंगणे दप्तर म्हणून छापलेली आहेत. निजामाच्या दरबारातून गोविंदराव काळे नाना फडणीसांना लिहीत. या पत्रांत वकिलाची पहिली जबाबदारी दिसते: ऐकलेले, पाहिलेले आणि ताडलेले वेगळे ठेवून धन्याला कळवणे. प्रल्हाद निराजी आधी गोवळकोंड्याच्या दरबारात वकील होते. पुढे जिंजीला राजाराम महाराजांनी प्रतिनिधी हे नवे पद निर्माण केले तेव्हा ते पहिल्यांदा त्यांनाच दिले. परक्या दरबारात दुसऱ्याचा शब्द सांभाळलेल्या माणसालाच घरचा प्रतिनिधी करावेसे वाटले, हे मला फार बोलके वाटते.

गोव्याच्या पोर्तुगिजांनीही हे ओळखले होते. पुण्याच्या दरबारात त्यांची बाजू मांडायला ते शेणवी घराण्यांतली माणसे ठेवत, कारण भाषा आणि रीत दोन्ही त्यांना ठाऊक असत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ साली पोर्तुगिजांच्या या हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी हस्तकांवर एक सबंध ग्रंथ पोर्तुगीज भाषेत काढला. राज्याभिषेकाला रायगडावर आलेल्या इंग्रजांच्या हेन्री ऑक्झिंडनची बाजू मराठ्यांपुढे मांडण्याचे काम नारायण शेणव्यांनी केले होते. दुभाषी, हस्तक, वकील यांतला कोण किती बोलू शकतो हे त्या काळी प्रत्येकाला माहीत होते.

आणि इंग्लंड. रघुनाथरावांचे वकील हणमंतराव १७८१ साली लंडनला पोचले, तेव्हा एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांच्या सोवळ्याओवळ्याची सोय लावली. साठ वर्षांनी रंगो बापूजी गुप्ते गेले ते साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे वकील म्हणून. महाराजांना १८३९ साली गादीवरून काढून काशीला धाडले होते. रंगो बापूजी लंडनला सुमारे चौदा वर्षे राहिले, इंग्रजी शिकले, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत उभे राहून बोलले, छापील पत्रके काढली, कर्जात बुडाले. १८४७ साली महाराज वारले, १८४८ साली सातारा खालसा झाला, तरी हा माणूस तिथेच. आपल्याला पाठवणारा राजा उरला नाही, ज्याच्या वतीने बोलायचे ते राज्य उरले नाही, पण वकिली उरली. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी प्रतापसिंह महाराज आणि रंगो बापूजी या दोघांवर मोठा ग्रंथ लिहिला तो उगीच नाही. ‘वकीलपत्र घेणे’ हा वाक्प्रचार आपण आज सहज वापरतो, ‘तू त्याचे वकीलपत्र कशाला घेतोस’ असे घरात म्हणतो, त्यात हाच जुना अर्थ जिवंत आहे. वकिलात हा शब्दही जिवंत आहे. ‘अमेरिकन वकिलातीसमोर निदर्शने’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांत पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले आणि ते न कळलेला वाचक मला भेटलेला नाही. दूतावास वाईट नाही. त्यालाही राहू द्या. पण वकिलात काढा असे म्हणायला पटणारे कारण लागते, आणि टिपणात ते नाही.

शिष्टाईबद्दल तर मला रागच आला. कृष्णशिष्टाई, अंगदशिष्टाई ऐकत वाढलेल्या लोकांना दूताने काय करायचे असते हे वेगळे सांगावे लागत नाही. कृष्ण हस्तिनापुरात जातो तो युद्ध टाळायला, हे जाणून की बहुधा टळणार नाही. हे सगळे एका शब्दात आहे. ‘शिष्टाई निष्फळ ठरली’ या तीन शब्दांच्या जागी ‘राजनयिक प्रयत्नांना अपयश आले’ लिहिणाऱ्याने भाषेला काय दिले? शिष्टमंडळ चालते आणि शिष्टाई पौराणिक, हे कुठले शास्त्र?

पण सगळ्यांत मोठी चूक शेवटच्या सूचनेत आहे. सरसकट राजदूत म्हणावे, ही ती सूचना. कोणत्याही प्रतिनिधीच्या नावाने तीन गोष्टी सांगायच्या असतात: तो कुणाचा, कुणापुढे उभा, आणि त्याचा अधिकार कुठे संपतो. हे पाश्चात्त्यांचे फॅड नाही. कौटिल्याने दूतांचे तीन प्रकार केले आहेत. निसृष्टार्थ, ज्याच्यावर सगळे काम सोपवले आहे. परिमितार्थ, ज्याला ठरलेल्या मर्यादेतच बोलता येते. आणि शासनहर, जो फक्त राजाचा लेख पोचवतो. प्रत्येकाची योग्यता किती असावी तेही त्याने मोजून दिले आहे. ज्यांना संस्कृत परंपरेचा अभिमान आहे त्यांनी र. पं. कंगल्यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेली अर्थशास्त्राची आवृत्ती उघडावी. १९६१ च्या व्हिएन्ना करारातही वकिलातींच्या प्रमुखांचे तीन वर्ग आहेत, आणि तिसऱ्या वर्गातला कार्यभारी अधिकारी राष्ट्रप्रमुखाकडे पाठवलेला नसतो, परराष्ट्रमंत्र्याकडे पाठवलेला असतो. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे एकच काळजी आहे: समोर उभा असलेला माणूस कितपत बोलू शकतो हे आधी कळू द्या.

औंधच्या पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांची उदाहरणे पाहा. १९४८ साली त्यांना नैरोबीला पाठवले ते आयुक्त म्हणून, कारण पूर्व आफ्रिका तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होती. जिथे स्वतंत्र सत्ता नाही तिथे राजदूत कुणाकडे पाठवणार? मग गंगटोकला गेले ते पोलिटिकल ऑफिसर म्हणून. सिक्कीम भारताच्या संरक्षणाखाली होते आणि पदाचे नाव इंग्रजांपासून चालत आलेले होते. पुढे इंडोनेशियात राजदूत झाले, कारण तिथे सार्वभौम राष्ट्र होते. १९६९ साली लंडनला गेले ते उच्चायुक्त म्हणून, कारण राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे राजदूत पाठवत नाहीत. माणूस एकच, आणि नावे चार. प्रत्येक नावात भारत आणि तो मुलूख यांचे त्या क्षणीचे नाते लिहिलेले आहे. या चारही पदांना राजदूत म्हणा, म्हणजे वसाहत, संरक्षित राज्य, सार्वभौम राष्ट्र आणि राष्ट्रकुल हा सगळा इतिहास एका फटक्यात पुसला गेला.

पाकिस्तानचे उदाहरण त्याहून जवळचे. १९७२ साली पाकिस्तान राष्ट्रकुलातून बाहेर पडला. १९७६ साली संबंध पूर्ववत झाले तेव्हा इस्लामाबादला आपला राजदूत गेला. १९८९ साली पाकिस्तान राष्ट्रकुलात परतला आणि तेव्हापासून तिथे आपला उच्चायुक्त असायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने आपल्या उच्चायुक्तांना परत जायला सांगितले. ‘इस्लामाबादमधले भारताचे राजदूत’ असे आजही छापून येते. त्या तीन शब्दांत किती चुका आहेत हे मोजायला बसले तर टिपण लिहिणाऱ्यांना ‘बारीकसारीक फरक’ म्हणजे काय ते कळेल.

त्यांचे म्हणणे असे की वाचकाला देणेघेणे नसते. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात मराठी घरांना देणेघेणे नव्हते? एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानात त्यांना फाशीची शिक्षा जाहीर झाली, मे महिन्यात भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि १७ जुलै २०१९ ला निकाल लागला. पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ मोडले, असे न्यायालयाने म्हटले. भारताच्या अधिकाऱ्यांना जाधवांना भेटू दिले नाही, त्यांचा हक्क त्यांना सांगितला नाही, अटकेची खबर वेळेवर दिली नाही. सगळा खटला या एका हक्कावर उभा होता. आणि मराठीत त्या हक्काला नाव नव्हते. कुणी राजनैतिक संपर्क म्हटले, कुणी राजनयिक मदत, कुणी कॉन्सुलर अ‍ॅक्सेस. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मजकुरात तर ‘जाधव यांना वकिलाला भेटू दिले नाही’ असे होते. लिहिणाऱ्या मुलीला वाटले होते की प्रश्न कोर्टातल्या वकिलाचा आहे. तिचा दोष किती? वकिलात आणि वकील यांच्यातली दोरी तिला कुणी दाखवलीच नव्हती. ‘वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटण्याचा हक्क’ एवढे सरळ मराठी तिला शिकवले असते तर ती चुकली नसती.

त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट होती. भारताची बाजू मांडायला नागपूरचे हरीश साळवे उभे राहिले, ते वकील. पण त्या न्यायालयाच्या संविधीत, कलम ४२ मध्ये, देशाच्या वतीने हजर होणारा माणूस वेगळा आहे. त्याला एजंट म्हणतात, आणि तो बहुधा परराष्ट्र मंत्रालयाचा अधिकारी असतो. कायदा सांगणारे वकील त्याच्या मदतीला असतात. मराठीत एजंट म्हणजे विमा काढणारा किंवा घर दाखवणारा. त्या खुर्चीत बसलेला माणूस नेमका तोच होता ज्याला हिंगण्यांच्या काळात वकील म्हणत. एकाच टेबलाशी वकील या शब्दाचे दोन्ही जन्म शेजारी शेजारी बसले होते, आणि आपल्याला त्यातला एकच ओळखता आला.

शुद्धतेचा हट्ट कुठे नेतो ते वाणिज्यदूत या शब्दात दिसते. कॉन्सुलला हा शब्द कोशातून मिळाला. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांचे तंटे सोडवण्यापासून ते पद सुरू झाले, म्हणून वाणिज्य. आज कॉन्सुलकडे जातो तो पासपोर्ट हरवलेला माणूस, तुरुंगात पडलेल्याचा भाऊ, मेलेल्याची आई. त्यांच्यातल्या कुणालाही वाणिज्य या पाटीखाली आपले काम आहे असे सुचणार नाही. इथे मी बाहेरचा शब्द घ्यायला तयार आहे. कलेक्टर घेतला तसा कॉन्सुल घ्या. निदान खोटी वाट तरी दाखवत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या गावातल्या, खेड तालुक्यातल्या, एका काकींचा मुलगा शारजात गवंडीकामाला होता. तिथे तो अचानक वारला. गावातल्या एका शिकलेल्या मुलाने रात्री बसून अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, आणि वर पत्ता घातला: ‘माननीय राजदूत साहेब, दुबई’. आपले राजदूत दुबईला नसतात. त्यांची कचेरी अबुधाबीला आहे. दुबईला आहे ते कॉन्सुल जनरलचे कार्यालय, आणि शारजाचे काम तिकडेच चालते. मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणे, मृतदेह नेण्याचे ना-हरकत पत्र, ही सगळी कागदपत्रे तिथली. अर्ज कुठे गेला, कुणाच्या टेबलावर पडला, ते आम्हाला कळले नाही. चार दिवस गेले. काकी ओटीवर बसलेल्या असायच्या, येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायच्या, “तिकडं आपल्या सरकारचा मानूस कोन असतो रे?” त्या मुलाने आयुष्यभर वर्तमानपत्रात एकच शब्द वाचला होता, त्याने तोच लिहिला. मला फोन आला तेव्हा मी पत्ता बदलून दिला आणि काम तीन दिवसांत मार्गी लागले. मधले चार दिवस वाचकाच्या त्या ‘देण्याघेण्यात’ कुणी धरायचे?

टिपण लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की पुढच्या कार्यशाळेत त्यांनी ते पान मागे घ्यावे. राजदूत तिथेच लिहा जिथे राजदूत आहे. उच्चायुक्ताला उच्चायुक्त म्हणा, कॉन्सुलला कॉन्सुल, कार्यभाऱ्याला कार्यभारी. मुत्सद्दी, वकिलात, शिष्टाई, परराष्ट्र हे मुलांच्या हातून काढून घेऊ नका. हिंदीतून आलेल्या राजनैतिकवर लाल रेघ मारायला शिकवा.

मृतदेह आला त्या संध्याकाळी पेटीबरोबरची कागदपत्रे काकींनी माझ्यासमोर ठेवली. त्यांना वाचता येत नाही. ना-हरकत पत्रावरच्या शिक्क्याच्या गोलावर त्यांनी बोट ठेवले आणि विचारले, ही सही कुणाची? खाली इंग्रजीत लांबलचक हुद्दा होता. मी म्हटले, “काकी, आपल्या सरकारच्या तिथल्या माणसाची.” त्यांनी मान हलवली आणि कागद घडी करून पदरात ठेवला.